संगीतसेवक योहान सेबास्टियन बाख

योहान सेबास्टियन बाख ह्यांचा जन्म १६८५ साली जर्मनीतील आयझेनाख गावी एका वादकाच्या घरी झाला. वयास दहा वर्षे पुरी होण्यापूर्वीच ते आईबापांस अंतरले, तेव्हा वडील बंधूने त्यांस आपल्या घरी नेऊन वाद्यवादन शिकविले. पुढे १७२० साली ते आपल्या धन्याबरोबर परगावी गेले असता मागे पत्नी वारली. घरी येऊन पाहतात तो तिला मूठमाती देऊन झाली होती. त्यांस वीस मुले झाली, परंतु त्यांपैकी दहाच लहानाची मोठी झाली.

१७२३ पासून ते लाइप्झिग शहरी उपासनासंगीताचे प्रमुख होते. तेथे १७२७ साली त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत संगीतबद्ध केला. तोवर त्यांची चार लेकरे मातीआड झाली होती. प्रभूच्या कबरेपाशी गावयाचे त्यातील शेवटचे गीत अंगाईसारखे सौम्य आहे. असा सूर केवळ विद्येने साधत नाही. ज्याने आपल्या घरचा पाळणा रिता झालेला पाहिला, त्यास तो सापडतो.

तथापि आपल्या दुःखाचा वा कौशल्याचा त्यांनी डौल मिरविला नाही. पुष्कळ रचनांच्या शेवटी, हे केवळ देवाच्या गौरवार्थ, अशा अर्थाची तीन अक्षरे ते लिहीत. दृष्टी गेल्यावर १७५० साली ते प्रभूमध्ये निजले.

प्रिय बंधुभगिनींनो, शोकाने कंठ दाटला म्हणून भजनास येण्याचे टाळू नका. तोच कंठ घेऊन या. लाजराच्या कबरेपाशी आपला प्रभूही रडला.