अ‍ॅग्नेस पोकेल्स: कॉलेजात पाऊल न ठेवता पेशीपटलाच्या शोधाची वाट करून देणारी संशोधक

तेलकट कढईत पाणी ओतलं की वर तेलाचा तवंग पसरतो. हा तवंग पसरून पसरून किती पातळ होऊ शकतो? प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरामुळेच आपल्या शरीरातल्या पेशींभोवतीचं पटल कसं बनलंय, हे पुढे कळलं.

हा तवंग मोजायचं साधन ज्यांनी तयार केलं, त्यांच्याकडे ना डिग्री होती ना प्रयोगशाळा. त्या घर सांभाळत होत्या. त्यांचं नाव अ‍ॅग्नेस पोकेल्स.

शिक्षण का थांबलं?

अ‍ॅग्नेस यांचा जन्म 14 फेब्रुवारी 1862 रोजी व्हेनिसमध्ये झाला. तेव्हा हे शहर ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं आणि त्यांचे वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी होते. मलेरियामुळे वडिलांची तब्येत खालावली, त्यांना नोकरी सोडावी लागली आणि 1871 मध्ये हे कुटुंब जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात राहायला आलं.

अ‍ॅग्नेस तिथल्या मुलींच्या शाळेत शिकल्या. त्यांना भौतिकशास्त्राची प्रचंड आवड होती. पण त्या काळी तिथल्या विद्यापीठांत मुलींना प्रवेशच नव्हता. पुढे प्रवेश मिळायला लागला, तेव्हा आई-वडिलांनीच त्यांना जाऊ नकोस असं सांगितलं. घरात आजारपण होतं आणि घर चालवायची जबाबदारी अ‍ॅग्नेस यांच्यावर होती.

त्यांचा धाकटा भाऊ फ्रीडरिश मात्र विद्यापीठात गेला आणि पुढे नावाजलेला भौतिकशास्त्रज्ञ झाला. त्याने पाठवलेली पुस्तकं वाचून अ‍ॅग्नेस घरीच शिकत राहिल्या.

पत्र्याचं भांडं आणि एक पट्टी

विशीच्या आसपास त्यांनी पाण्याच्या पृष्ठभागावर प्रयोग सुरू केले. त्यांचं उपकरण अगदी साधं होतं. 70 सेंटीमीटर लांब, 5 सेंटीमीटर रुंद आणि 2 सेंटीमीटर खोल असं एक पत्र्याचं भांडं. ते काठोकाठ पाण्याने भरायचं आणि त्यावर पत्र्याची एक पट्टी आडवी ठेवायची. पट्टी पुढे-मागे सरकवली की तवंगाला मिळणारी जागा कमी-जास्त करता यायची.

मग एक छोटीशी चकती पाण्याला टेकवायची आणि ती वर उचलायला किती वजन लागतं, ते छोट्या तराजूवर मोजायचं. यावरून पाण्याचा पृष्ठताण कळायचा.

यातून एक महत्त्वाची गोष्ट समोर आली. तवंगाला ऐसपैस जागा असते, तोवर पृष्ठताण जवळपास साध्या पाण्याइतकाच राहतो. पट्टी सरकवत जागा कमी करत गेलं, की एका ठरावीक टप्प्यावर तो अचानक घसरतो.

का घसरतो? कारण त्या टप्प्यावर तेलाचे रेणू एकमेकांना खेटून बसलेले असतात आणि त्यांचा सलग थर तयार झालेला असतो. हा थर फक्त एका रेणूइतका जाड असतो, हे पुढच्या काळात स्पष्ट झालं.

एका पत्राने काय बदललं?

साधारण दहा वर्षं हे काम घरातच राहिलं. मग ब्रिटनचे नामवंत शास्त्रज्ञ लॉर्ड रेली याच विषयावर काम करतायत, असं अ‍ॅग्नेस यांच्या वाचनात आलं. जानेवारी 1891 मध्ये त्यांनी रेली यांना जर्मन भाषेत पत्र लिहून आपले सगळे प्रयोग कळवले.

रेली यांना ते काम स्वतःच्या नावावर खपवता आलं असतं. पण त्यांनी पत्नीकडून पत्राचं भाषांतर करून घेतलं आणि ते 'नेचर' या विज्ञानपत्रिकेकडे पाठवलं. 12 मार्च 1891 रोजी ते अ‍ॅग्नेस पोकेल्स यांच्या नावाने छापून आलं.

पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ अर्विंग लँगम्यूर यांनी याच प्रकारचं भांडं सुधारून वापरलं. पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रातल्या कामासाठी त्यांना 1932 मध्ये नोबेल मिळालं. ते भांडं आज लँगम्यूर यांच्याच नावाने ओळखलं जातं.

याचा पेशीशी काय संबंध?

1925 मध्ये नेदरलँड्समधल्या गोर्टर आणि ग्रेंडेल या दोन शास्त्रज्ञांनी रक्तातल्या तांबड्या पेशी घेतल्या. सस्तन प्राण्यांच्या या पेशींना केंद्रक नसतं, आत इतर पटलंही नसतात. म्हणजे त्यांच्यातून निघालेला मेद बाहेरच्या पटलातलाच असणार.

हा मेद त्यांनी पाण्यावर पसरवला आणि पट्टी सरकवत त्याचं क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट भरलं. याचा अर्थ, पटलात मेदाचे दोन थर असतात!

गंमत म्हणजे त्यांच्या प्रयोगात दोन चुका होत्या. सगळा मेद निघाला नव्हता आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी धरलं गेलं होतं. दोन्ही चुकांनी एकमेकींना भरून काढलं आणि निष्कर्ष बरोबर निघाला.

पण दोनच थर का? पटलातल्या मेदाच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढलं जातं, शेपट्या पाण्यापासून लांब राहतात. पेशीच्या आतही पाणी आणि बाहेरही पाणी. त्यामुळे दोन्ही बाजूंना डोकी आणि मधोमध शेपट्या, अशी रचना आपोआप होते.

मग पेशीत ये-जा कशी होते?

ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड या तेलकट थरातून सहज पार होतात. मीठ आणि साखर मात्र अडतात. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची दारं असतात. पाण्यासाठीही वेगळी दारं आहेत. ती शोधल्याबद्दल पीटर अ‍ॅग्री यांना 2003 मध्ये नोबेल मिळालं.

काही प्रथिनं तर पंपासारखी ऊर्जा खर्च करून काम करतात. एक पंप दर फेरीला सोडियमचे 3 आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे 2 आत घेतो. आपल्या मज्जातंतूंचं काम याच फरकावर चालतं.

जुलाब झाल्यावर आपण मीठ-साखरेचं पाणी का पितो, याचं उत्तरही इथेच आहे. आतड्याच्या पेशींतलं एक दार साखरेतलं ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम एकत्रच आत घेतं आणि त्यांच्या मागोमाग पाणीही शरीरात जातं.

सन्मान मिळाला, पण कधी?

1913 मध्ये फ्रीडरिश यांचं निधन झालं आणि विज्ञानाच्या जगाशी अ‍ॅग्नेस यांना जोडणारा मोठा दुवा तुटला. पुढे महायुद्ध आलं, त्यांची स्वतःची तब्येतही साथ देईना.

1932 मध्ये, सत्तरीत असताना, ब्राउनश्वाइगच्याच तांत्रिक विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. 21 नोव्हेंबर 1935 रोजी त्याच शहरात त्यांचं निधन झालं.

पेशीवर त्यांनी स्वतः कधी काम केलं नाही. पण एका रेणूइतका पातळ थर घरातल्या भांड्यात मोजता येतो, हे त्यांनी दाखवून दिलं. ते मोजमाप हाताशी नसतं, तर गोर्टर आणि ग्रेंडेल यांना पटलाचे थर मोजणं अवघड गेलं असतं.