बाबा पदमनजी : शाळा आणि श्रद्धा

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात मुंबई इलाख्यात जी नवी शाळा उभी राहिली, तिचे दोन प्रकार होते. एक सरकारी, दुसरी मिशनची. सरकारी शाळेने धर्माविषयी मौन पाळण्याचे धोरण स्वीकारले होते. मिशनच्या शाळेत बायबलचे अध्ययन हा अभ्यासक्रमाचाच भाग होता. दोन्ही ठिकाणी मुलगा जात होता तो प्रामुख्याने इंग्रजीसाठी, म्हणजेच पुढे मिळू शकणाऱ्या नोकरीसाठी. घरच्यांनी त्याला पाठविले ते चरितार्थाच्या हिशेबाने. परत आला तो मात्र अनेकदा घराच्या आचाराविषयी प्रश्न घेऊन. या प्रश्नांचे पुढे काय होते, याचा मराठी वाङ्मयातील सर्वांत सविस्तर आलेख बाबा पदमनजी यांच्या चरित्रात सापडतो. मराठीतील पहिल्या कादंबरीचे कर्ते म्हणून त्यांचे नाव वाङ्मयेतिहासात कायम झाले आहे. परंतु ती कादंबरी ज्या तरुणाने लिहिली, तो कसा घडला हे पाहिल्याखेरीज तिचा अर्थ पुरता लागत नाही.

बाबांचा जन्म मे १८३१ मध्ये बेळगाव येथे झाला. घराण्याचे आडनाव मुळे आणि ज्ञाती कासार. वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत होते. घरात पोथीवाचन, व्रतवैकल्ये आणि देवपूजा यांचे वातावरण होते. या घराचे सामाजिक स्थान लक्षात घेणे आवश्यक आहे. ब्राह्मणांच्या पिढीजात विद्येची परंपरा त्याच्यामागे नव्हती. पण आचारशुद्धीची आणि प्रतिष्ठेची जाणीव मात्र तीव्र होती. अशा कुटुंबातील मुलाला धर्म शास्त्रग्रंथांतून भेटत नाही. तो घरातील रीतीतून, आईवडिलांच्या श्रद्धेतून आणि मराठी पोथ्यांतील कथांतून भेटतो. लहानपणी बाबांची भक्ती मनापासूनची होती, असे त्यांच्याच आत्मचरित्रावरून दिसते. पुढे ज्या धर्माचे त्यांनी खंडन केले, तो त्यांनी आधी मनोभावे आचरला होता. त्यांच्या नंतरच्या लेखनातील तपशिलाची संपन्नता आणि स्वराची तीव्रता या दोहोंचे मूळ येथे आहे.

बेळगाव हे लष्करी छावणीचे गाव. लंडन मिशनरी सोसायटीचे कार्य तेथे १८२० पासून सुरू होते. मिशनच्या शाळेत बाबांचे आरंभीचे इंग्रजी शिक्षण झाले. या शाळांतील अध्यापनाचा परिणाम केवळ बायबलच्या तासामुळे होत असे, असे मानणे अपुरे ठरेल. भूगोलाच्या तासाला मेरुपर्वत आणि सप्तसमुद्र यांची रचना कोसळत असे. ग्रहणाचे कारण समजल्यावर राहुकेतूंच्या कथेकडे मुलगा वेगळ्या दृष्टीने पाहू लागे. ज्या पोथीत कथा आहे त्याच पोथीत उपासनाही असल्यामुळे, कथेविषयीची शंका उपासनेपर्यंत पोहोचण्यास फारसा वेळ लागत नसे. सरकारी शाळेत ही शंका निर्माण होई आणि तशीच सोडून दिली जाई. मिशनच्या शाळेत तिच्याशेजारी एक तयार उत्तर ठेवलेले असे. दोन शाळांतील खरा भेद हा होता.

पालकांना या धोक्याची कल्पना नव्हती असे नाही. १८३९ मध्ये मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती दीक्षा घेतली, तेव्हा समाजात प्रक्षोभ उसळला आणि शाळेतील मुले मोठ्या संख्येने काढून घेण्यात आली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी दीक्षा घेतली. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा मिशनऱ्यांकडे राहावयास गेला असता वडिलांनी न्यायालयाकडे धाव घेतली आणि अल्पवयीन मुलगा त्यांच्या स्वाधीन झाला. त्याला पुन्हा ज्ञातीत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला. सनातन्यांनी त्याला विरोध केला. या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट झाली : मिशनरी आणि ज्ञाती या दोहोंच्या ओढाताणीत मुलाला स्वतःचे मत असू शकते की नाही, हाच मुळात वादाचा विषय होता. बाबा त्या वेळी बारा वर्षांचे होते.

पुढील शिक्षणासाठी बाबा मुंबईस आले. एल्फिन्स्टन आणि फ्री चर्च या दोन्ही संस्थांशी विद्यार्थी म्हणून त्यांचा संबंध आला. स्कॉटलंडमधील चर्चमध्ये १८४३ मध्ये फूट पडल्यावर डॉ. विल्सन फ्री चर्चच्या बाजूस गेले होते, आणि त्यांची शाळा ही मुंबईतील विचारमंथनाचे एक केंद्र बनली होती. नारायण शेषाद्री यांच्यासारखा धर्मांतरित मराठी विद्वान तेथे प्रत्यक्ष समोर होता. धर्म बदललेला मनुष्य आपल्याच भाषेत बोलतो, विद्या शिकवितो आणि मानाने जगतो, हे दृश्य तरुण विद्यार्थ्यास कोणत्याही ग्रंथाहून अधिक प्रभावी वाटले असल्यास नवल नाही. याच काळात बाबांची लेखणी चालू झाली. १८५२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा स्त्रीविद्याभ्यासाविषयीचा निबंध ते हिंदू असतानाचा आहे. स्त्रियांच्या स्थितीविषयीची त्यांची कळकळ धर्मांतरातून उद्भवली असे म्हणता येणार नाही. ती आधीची आहे, आणि नव्या शिक्षणाने तिला शब्द दिले.

शंका आणि दीक्षा यांच्या मध्ये एक महत्त्वाचा टप्पा आहे, तो परमहंस सभेचा. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या या गुप्त संस्थेत दादोबा पांडुरंग आणि राम बाळकृष्ण जयकर हे प्रमुख होते. ईश्वर एक आहे आणि जातिभेद त्याज्य आहे, ही तिची मुख्य तत्त्वे. सभासदाने अन्य जातीच्या हातचे अन्न सर्वांसमक्ष ग्रहण करावे अशी अट असे. परंतु हे सर्वांसमक्ष म्हणजे बंद दाराआड जमलेल्या सभासदांसमक्ष. बाबा या सभेचे सभासद होते, आणि तिच्याविषयी जी माहिती आज उपलब्ध आहे तिचा एक महत्त्वाचा भाग त्यांच्या आत्मचरित्रातून आलेला आहे.

परमहंस सभेने तरुणांना दिलेला आधार कमी लेखण्याचे कारण नाही. घरात आणि ज्ञातीत ज्या शंकेचा उच्चारही अशक्य होता, तिला तेथे सोबती मिळाले. पण सभेबाहेर पडताच सभासद पुन्हा आपापल्या जातीचा होई, घरी जाऊन सोवळे पाळी. सार्वत्रिक सुधारणा होईपर्यंत प्रकट व्हावयाचे नाही, या धोरणात व्यवहारज्ञान होते आणि एक कायमची द्विधावस्थाही होती. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी बाहेर गेली आणि सभा विस्कटली. बाबा त्यापूर्वीच तिच्यातून दूर झाले होते. विचार आणि आचार यांतील हे अंतर त्यांना सहन होत नव्हते. त्यांच्या धर्मांतरामागे ख्रिस्ती मताचे आकर्षण होतेच. पण गुप्ततेचा उबगही होता. जे मनात आहे ते उघडपणे करण्याचा मार्ग त्या काळी त्यांना एकच दिसला.

३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगाव येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वय तेवीस. जन्मगावी, आप्तेष्टांच्या डोळ्यांदेखत घेतलेली ही दीक्षा होती. तिचे मोल काय होते, हे त्या काळच्या कायद्यांवरूनही कळते. धर्म बदलल्यामुळे वारसाहक्क जाऊ नये, यासाठी १८५० मध्ये कायदा करावा लागला होता. धर्मांतरितांच्या आधीच्या विवाहाचा प्रश्न तर १८६६ च्या कायद्यापर्यंत अनिर्णितच राहिला. शिवाय पंगत, पाणी, मर्तिकाचा खांदा, आईच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवण्याचा अधिकार या गोष्टी कोणताही कायदा परत मिळवून देऊ शकत नव्हता. शाळेत आरंभिलेला एक प्रश्न येथे येऊन घराच्या उंबरठ्यावर थांबला.

१८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. आदल्याच वर्षी विधवाविवाहाचा कायदा संमत झाला होता. विधवांच्या स्थितीचे निरूपण हा कादंबरीचा घोषित हेतू आहे. यमुना आणि तिचा पती विनायक हे प्रवासात निरनिराळ्या गावी विधवांच्या कहाण्या ऐकतात, आणि अखेर विनायकाच्या मृत्यूनंतर तीच अवस्था यमुनेवर येते. केशवपनाच्या संकटातून सुटून ती ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. प्रचारहेतू उघड आहे. शेवट योजून आणलेला आहे. तथापि यमुना आणि विनायक यांचे दांपत्यजीवन पाहिले म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ही दोघे मनाने एका धर्माची आणि आचाराने दुसऱ्या धर्माची आहेत. घरात राहून, घरच्यांवर प्रेम करून, आपली श्रद्धा लपविणाऱ्या तरुणांची ही अवस्था बाबांनी स्वतः अनुभवली होती. कादंबरीतील विधवांची दुःखे त्यांनी पाहिलेली वा ऐकलेली होती. हा लपंडाव मात्र त्यांचा स्वतःचा होता. म्हणूनच या ग्रंथातील खंडनमंडनाचा भाग आज निस्तेज वाटला, तरी या दांपत्याचा कोंडमारा खरा वाटतो.

यानंतरचे आयुष्य लेखन आणि धर्मकार्य यांत गेले. १८६० मध्ये ‘शब्दरत्नावली’ हा मराठी समानार्थी शब्दांचा कोश आणि १८६३ मध्ये मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप त्यांनी सिद्ध केला. १८६७ मध्ये पुण्यास फ्री चर्चचे पाळक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे ते पद सोडून त्यांनी स्वतःला ग्रंथलेखनास वाहून घेतले. त्यांच्या लहानमोठ्या पुस्तकांची संख्या शंभराच्या आसपास जाते. धर्म सोडला तरी भाषा सोडली नाही, इतकेच म्हणून भागणार नाही. घर आणि ज्ञाती गमावलेल्या या मनुष्यास आपल्या समाजाशी जोडणारा दुवा म्हणून मराठी हीच उरली होती, आणि तिची सेवा त्यांनी कोशकाराच्या चिकाटीने केली.

१८८८ मध्ये ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र प्रकाशित झाले. छापून प्रसिद्ध झालेल्या मराठी आत्मचरित्रांत ते अगदी आरंभीचे होय. ग्रंथाचे नावच त्याची रचना सांगते : आधी अंधार, मग पहाट. सत्तावन्नाव्या वर्षी मागे वळून पाहणाऱ्या लेखकास बेळगावची शाळा, मुंबईतील वाचन, परमहंस सभा ही सारी एकाच ईश्वरी योजनेतील पावले वाटतात. चरित्राच्या अभ्यासकास हा क्रम तसाच स्वीकारता येत नाही. याच शाळांतून आणि याच सभेतून बाहेर पडलेले इतर तरुण भिन्न दिशांना गेले. दादोबांनी आपले धर्मविषयक विचार ‘धर्मविवेचना’त १८४३ मध्येच मांडले, पण ते प्रसिद्ध होण्यास १८६८ साल उजाडले. काहींनी १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजात आश्रय शोधला. बहुसंख्यांनी शंका मनात ठेवली, नोकरी केली आणि मुलांच्या मुंजी यथासांग लावल्या. शाळेने सर्वांना समान शंका दिली. उत्तर प्रत्येकाने स्वभाव, धैर्य आणि परिस्थिती यांनुसार निवडले.

गंमत अशी की ‘अरुणोदया’तील सर्वांत जिवंत पाने अंधाराचीच आहेत. बालपणीची व्रते, घरातील माणसे, सणवार आणि श्रद्धा यांचे वर्णन करताना खंडनकर्त्याची लेखणी सौम्य होते, तपशिलात रमते. जे टाकले ते त्यांना तोंडपाठ होते. एकोणिसाव्या शतकातील मराठी कुटुंबाच्या धार्मिक जीवनाचे इतके जवळचे चित्र ते सोडून गेलेल्या माणसाने काढावे, हे या चरित्राचे वैशिष्ट्य आहे.

२९ ऑगस्ट १९०६ रोजी बाबांचे निधन झाले. त्यांच्या जीवनावरून शाळा श्रद्धा घडविते असा सिद्धान्त काढणे सोपे आहे; परंतु तो पुरता खरा नाही. पोथीतल्या देवावर निःशंक विश्वास ठेवणाऱ्या मुलाने सत्य एकच असले पाहिजे आणि ते आचरलेच पाहिजे, हा आग्रह शाळेतून आणला नव्हता. तो घरातूनच घेऊन तो शाळेत गेला होता. शाळेने त्या आग्रहाचा विषय बदलला. आईवडिलांनी दिलेल्या निष्ठेच्याच बळावर त्याने आईवडिलांचा धर्म सोडला, आणि त्याची पूर्ण किंमत दोन्ही बाजूंनी मोजली.