फुकोचा लंबक आणि हवेचा अडसर

लिआँ फुको डॉक्टर होणार होता. पॅरिसमध्ये १८१९ साली जन्मलेल्या या मुलाने वैद्यकाचे शिक्षण घ्यायलाही सुरुवात केली, पण रक्त पाहणे त्याला सोसेना. मग तो डॉ. आल्फ्रेड दॉने यांच्या सूक्ष्मदर्शकाच्या वर्गात मदतनीस झाला आणि तिथून भौतिकशास्त्राकडे वळला.

जानेवारी १८५१ मध्ये घराच्या तळघरात त्याने दोन मीटर लांबीच्या तारेला पाच किलोचा गोळा टांगला. पहिल्या खेपेला तार तुटली. काही दिवसांनी, मध्यरात्रीनंतर, झोक्याची दिशा हळूहळू वळताना दिसली. खरे तर वळत होती ती पायाखालची पृथ्वी.

अडचण एकच होती. कोणताही लंबक हवेशी घासत आणि टांगणीपाशी ऊर्जा गमावत थकत जातो. याला अवमंदन म्हणतात. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा थोडा लहान होतो, मात्र एका झोक्याला लागणारा वेळ जवळपास तोच राहतो. पॅरिसमध्ये झोक्याची दिशा तासाला सुमारे ११ अंश वळते. हे लोकांना दाखवायचे तर लंबक बराच वेळ हलता हवा. म्हणून त्याच वर्षी पाँतेआँच्या घुमटाखाली ६७ मीटर तार आणि २८ किलोचा शिशाचा गोळा आला. हवेचा विरोध गोळ्याच्या आकारावर आणि वेगावर ठरतो, साठलेली ऊर्जा वजनावर. त्यामुळे लहान पण जड गोळा काही तास तग धरतो. सोडताना धक्का लागू नये म्हणून गोळा दोऱ्याने बांधून ठेवत आणि दोरा जाळत. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात तर त्याने लोखंडी गोळ्याखाली विद्युतचुंबक बसवून प्रत्येक झोक्याची तूट भरून काढली.

गंमत अशी की, त्याच वर्षी त्याने अवमंदनाचाच एक नवा प्रकार दाखवला. चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरणारी तांब्याची चकती काहीही न टेकवता थांबते. जबरदस्तीने फिरवली तर तापते. चकतीत निर्माण होणारे विद्युतप्रवाह गतीला विरोध करतात आणि तिची उष्णता करतात. आपल्याकडच्या जुन्या वीज मीटरमधली फिरती चकती याच तत्त्वावर आवरली जाई.

रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदकही त्याला १८५५ मध्येच मिळाले. शेवटच्या आजारात पक्षाघाताने त्याची वाचा गेली. ११ फेब्रुवारी १८६८ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, तो पॅरिसमध्येच वारला.