चिखलातला गॅस शोधणारे शिक्षक : अलेस्सांद्रो व्होल्टा



वर्गात एखादं मूल अजिबात बोलत नाही. मग आपण पटकन ठरवून टाकतो, की याला काही येत नाही. अशा वेळी मला व्होल्टा आठवतात.

अलेस्सांद्रो व्होल्टा यांचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ रोजी इटलीतील कोमो या गावी झाला. चार वर्षांचा होईपर्यंत हा मुलगा बोललाच नाही. घरच्यांना वाटलं, हा बुद्धीने कमी असणार. पण एकदा बोलायला लागला आणि सातव्या वर्षापर्यंत बरोबरीच्या मुलांच्या पुढे निघून गेला. त्याने वकील व्हावं अशी घरच्यांची इच्छा होती, पण त्याला ओढ विज्ञानाची. पुढे १७७४ साली ते कोमोच्याच शाळेत नोकरीला लागले आणि भौतिकशास्त्र शिकवू लागले. म्हणजे आपल्यासारखेच शाळेतले शिक्षक!

दलदलीतून पेटणारी हवा निघते, हे त्यांच्या वाचनात आलं होतं. १७७६ च्या नोव्हेंबरात ते माज्जोरे सरोवरावर होडीतून गेले. काठाजवळ पाणवनस्पती कुजून चिखल झाला होता. त्यांनी काठीने तळ ढवळला. भराभर बुडबुडे वर आले. पाण्याने भरलेली बाटली उलटी धरून त्यांनी ते गोळा केले. नंतर ती हवा पेटवून पाहिली, तर निळसर ज्योत! हाच तो वायू, ज्याला आज आपण मिथेन म्हणतो. वनस्पती आणि प्राण्यांचे अवशेष कुजून तो तयार होतो, हेही त्यांनी ओळखलं. विजेच्या ठिणगीने हा वायू पेटवण्याचे प्रयोगसुद्धा त्यांनी केले.

पुढे ते पाविया विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८०० साली त्यांनी विजेची पहिली बॅटरी जगासमोर मांडली. त्यांच्याच नावावरून ‘व्होल्ट’ हे एकक आलं. ५ मार्च १८२७ रोजी कोमो येथेच त्यांचं निधन झालं.

बॅटरीमुळे व्होल्टा सर्वांना माहीत आहेत, पण त्यांचा हा चिखलातला शोध तर आपल्या स्वयंपाकघराशी जोडलेला आहे. उरलेला भात, भाज्यांची देठं, फळांच्या साली हवाबंद टाकीत कुजवल्या, की डोळ्यांना न दिसणारे जीवाणू त्यांचा बायोगॅस करतात. त्यात निम्म्याहून जास्त मिथेनच असतो. त्यावर शेगडी पेटते आणि उरलेला रबडा झाडांना खत म्हणून उपयोगी पडतो. गावाकडचा गोबरगॅसही असाच चालतो. तोच ओला कचरा आपण प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फेकतो. तिकडे कचऱ्याच्या ढिगात तो कुजतो आणि हाच मिथेन हवेत जाऊन पृथ्वीचं तापमान वाढवतो.

मुलांना हे दाखवायचं असेल, तर बाटलीत भाजीचे बारीक तुकडे आणि थोडं पाणी घाला, तोंडाला फुगा घट्ट बांधा. काही दिवसांत फुगा थोडा फुगलेला दिसेल. सुरुवातीला त्यात बहुतेक कार्बन डायऑक्साइडच असतो. मात्र फुग्याजवळ काडी कधीच नेऊ नका, आणि बाटली काचेची नको.

मुलं फुग्याकडे बघत असतील, तेव्हा तुम्ही त्या मागच्या बाकावरच्या गप्प मुलाकडे बघा. आज काय दिसलं, हे पहिल्यांदा त्यालाच विचारा. उत्तराला वेळ लागला तरी थांबा. व्होल्टांनाही चार वर्षं लागली होती.