मलिक अंबर

सुखाच्या दिवसांत सगळेच शूर आणि शहाणे दिसतात. माणसाची खरी पारख होते ती संकटात. चारशे वर्षांपूर्वी संकटांतून तावून सुलाखून निघालेला एक कर्तबगार पुरुष आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. त्याचे नाव मलिक अंबर.

त्याचा जन्म सुमारे १५४८ मध्ये आफ्रिकेतील इथिओपिया देशात झाला. लहानपणीचे त्याचे नाव चापू. कोवळ्या वयातच तो गुलाम म्हणून विकला गेला. आईवडील, गाव, भाषा सारे मागे राहिले. बगदादमध्ये मीर कासीम नावाच्या मालकाने त्याला लिहायला, वाचायला आणि हिशेब करायला शिकवले. अंबर हे नावही त्यानेच दिले. पुढे समुद्र ओलांडून तो दख्खनला आला. तेथे निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखानही एके काळी गुलामच होता. त्याच्या हाताखाली अंबर राज्यकारभार शिकला. धन्याच्या मृत्यूनंतर तो स्वतंत्र झाला आणि शिपाईगिरी करू लागला.

१६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला जिंकला. निजामशाही आता संपली, असे अनेकांना वाटले. अंबरने मात्र धीर सोडला नाही. त्याने परांडा येथे नवा निजामशहा गादीवर बसवला. मोगलांची फौज मोठी होती. म्हणून त्याने मराठा व हबशी सैनिकांना बरोबर घेऊन गनिमी काव्याने लढा दिला.

१६१० साली त्याने खडकी येथे राजधानी वसवली. हेच आजचे छत्रपती संभाजीनगर. डोंगराच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या नहरीतून त्याने शहरात आणले. पाणी उतारावरून आपोआप वाहत येई. १६१६ साली मोगलांनी हे शहर उद्ध्वस्त केले. अंबरने ते पुन्हा उभारले.

१६२४ साली त्याच्यावर सर्वांत मोठे संकट आले. मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजा एकत्र होऊन त्याच्यावर चालून आल्या. अहमदनगरजवळ भातवडी येथे गाठ पडली. त्या वेळी पाऊस कोसळत होता. चिखलात पाय रुतत होते. पाऊस दोन्ही बाजूंवर सारखाच पडत होता. पण अंबरने त्यालाच आपला मित्र केले. त्याने भातवडीच्या तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीत पाणी शिरले. अन्नधान्याचे हाल झाले आणि सैनिक हवालदिल झाले. मग अंबरने हल्ला करून विजय मिळवला. शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे आणि चुलते शरीफजी त्याच्या बाजूने लढले. शरीफजींना या लढाईत वीरमरण आले.

१६२६ साली मलिक अंबरचे निधन झाले. खुलताबाद येथे त्याची कबर आहे. बाजारात विकला गेलेला एक मुलगा राज्याचा आधार बनला. नशिबाने त्याचे सारे काही हिरावून घेतले होते. पण त्याची हिंमत आणि शिकण्याची आवड कोणालाही हिरावून घेता आली नाही.