एक्स्प्लेनर : तुकडोजी महाराजांना कर्करोगाने गाठले, तेव्हा सीटी स्कॅनही नव्हते, आज निदान कसे होते?

ब्रह्मपुरी : ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही भागातले अनेक कर्करोग रुग्ण तपासणीसाठी नागपूर गाठतात. तिथल्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. महाराजांचे निधनही कर्करोगानेच झाले होते.

यावली ते चिमूर

३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे माणिक इंगळे यांचा जन्म झाला. वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू. तुकड्या हे नाव त्यांनीच दिले. तरुणपणी रामटेक, सालबर्डी, रामदेगी, गोंदोडा अशा रानावनांत त्यांनी साधना केली. खंजिरीवरच्या भजनांनी ते विदर्भात घरोघरी पोहोचले. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला.

ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर पेटले. त्याच महिन्यात महाराजांना चंद्रपुरात अटक झाली. नागपूर व रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवण्यात आले. सुटकेनंतर त्यांनी ग्रामसफाई, व्यसनमुक्ती आणि अंधश्रद्धेविरुद्धचे काम वाढवले. १९५५ मध्ये ते जपानमधील विश्वधर्म परिषदेला गेले. गावाचे आरोग्य हा ‘ग्रामगीते’चाही विषय आहे.

शेवटचा आजार

अखेरच्या काळात त्यांना कर्करोगाने ग्रासले. उपचार झाले, पण गुण आला नाही. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंजात त्यांचे निधन झाले. वय होते अवघे ५९.

त्या वेळी एक्स-रे आणि बायोप्सी होती, पण शरीराच्या आतले बारकाईने दाखवणारे सीटी स्कॅन नव्हते. जगातील पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन लंडनमध्ये झाला, तो १९७१ साली.

आज काय बदलले?

फुप्फुसाच्या कर्करोगाचेच उदाहरण घ्या. न थांबणारा खोकला, थुंकीतून रक्त, वजन घटणे ही लक्षणे टीबीसारखीच असतात. म्हणून आधी थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे होतो. मात्र लहान गाठ एक्स-रेमध्ये सुटू शकते. टीबीचा जंतू सापडला नाही किंवा औषध घेऊनही फरक पडला नाही, तर सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांना विचारावे.

स्कॅनमध्ये गाठ दिसली म्हणजे कर्करोग ठरला, असे नाही. गाठ श्वासनलिकेजवळ असेल तर दुर्बिणीतून, कडेला असेल तर सीटीच्या मदतीने सुईने तुकडा काढतात. त्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, म्हणजे बायोप्सी, झाल्यावरच निदान पक्के होते. सुई लागल्याने रोग पसरतो, या भीतीने बायोप्सी टाळणे घातक ठरते. पुढे त्याच तुकड्यावर जनुकीय चाचणी करून औषध ठरवता येते. रोग कुठवर गेला, हे पेट स्कॅनवरून कळते.

नागपूरला जाताना जुने एक्स-रे आणि रिपोर्ट सोबत न्यावेत. जुन्या-नव्या फोटोंची तुलना केल्यास गाठ वाढतेय का, हे डॉक्टरांना लगेच समजते.