एक्सप्लेनर : सोलापूरचा काळा पाषाण आणि बिरबल साहनी, काय आहे संबंध?

सोलापूर : जिल्ह्यात विहीर खोदायला घेतली की बहुतेक ठिकाणी माती, मुरूम आणि मग काळा पाषाण लागतो. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. दख्खनच्या पठारावर तो वाहत होता तेव्हा हवामान कसे होते? याचे उत्तर झाडांच्या जीवाश्मांत शोधणारे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. बिरबल साहनी.

कोण होते साहनी?
जन्म १४ नोव्हेंबर १८९१, भेरा (आता पाकिस्तानात). वडील लाहोरमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक. बिरबल १९११ मध्ये केंब्रिजला गेले आणि प्रा. सेवर्ड यांच्याकडे जीवाश्म वनस्पतींचा अभ्यास करू लागले. १९१९ मध्ये लंडन विद्यापीठाची डीएस्सी घेऊन ते परतले. १९२१ पासून लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९३६ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केले.

दगडात झाड कसे?
लाव्हा एका दमात वाहिला नाही. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचली, झाडे वाढली. गाळात पडलेल्या खोडा-फळांत सिलिका झिरपली आणि पेशींची रचना दगडात जशीच्या तशी राहिली. नंतरच्या लाव्हाने हा गाळ झाकून टाकला. अशा दगडाचे अतिशय पातळ काप घासून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की झाड ओळखता येते.

काय सापडले?
नागपूरच्या उत्तरेला छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान आहे. तिथल्या गाळात ताडाच्या कुळातील झाडे आणि निपाची फळे मिळाली. निपा आज सुंदरबनसारख्या खाऱ्या दलदलीत वाढतो. म्हणजे आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या या भागाजवळ तेव्हा खाडी होती आणि हवा उष्ण, दमट होती.

साहनी बरोबर होते का?
काही अंशी. आधीचे भूवैज्ञानिक हा लाव्हा डायनासोरच्या क्रिटेशियस काळातला मानत. साहनींनी वनस्पतींवरून तो त्यानंतरच्या टर्शरी काळाचा ठरवला. १९४० च्या मद्रास सायन्स काँग्रेसमध्ये अध्यक्षीय भाषणाचा विषयही हाच होता. पुढे किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून दगडाचे वय मोजता आले. बहुतेक लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे दोन्ही कालखंडांच्या सीमेवरचा निघाला. वयाचा अंदाज दुरुस्त झाला, दमट जंगलाचा पुरावा मात्र टिकला.

संस्थेचे काय झाले?
३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंनी लखनौत त्यांच्या संस्थेची पायाभरणी केली. कोनशिलेत देशोदेशीचे जीवाश्म बसवले होते. आठवडाभरातच, १० एप्रिलला हृदयविकाराने साहनींचे निधन झाले. वय ५७. पत्नी सावित्री यांनी धुरा घेतली. १९५३ मध्ये इमारतीचे उद्घाटनही नेहरूंच्याच हस्ते झाले.

आज याचा उपयोग काय?
साहनींच्या नावाने चालणाऱ्या या संस्थेत आता तळ्यांच्या गाळातील परागकणही तपासले जातात. कोणत्या काळात कोणती झाडे होती हे कळले की पाऊस कधी वाढला, कधी आटला याचा अंदाज येतो. पर्जन्यमापकाच्या नोंदी फार तर दीड-दोनशे वर्षांच्या. गाळातल्या नोंदी हजारो वर्षांच्या. सोलापूरसारख्या दुष्काळी भागात आजचा बदल नेहमीचा की वेगळा, हे ठरवायला एवढा मागचा हिशेब लागतोच.